गॉयडरची रेषा आणि मांजराकाठचा ऊस

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उत्तरेला तीनेक तास गेलं की ओरोरू लागतं. तिथून कॅरिटन, क्रॅडॉक, हॉकर आणि परतीला क्वॉर्न असा फेरा एका दिवसात निवांत होतो. रस्त्यावर गाडी क्वचितच दिसते आणि गाव म्हणजे एक हॉटेल, एक चर्च, चार घरं. पण मी लातूरचा, म्हणून मला हे सगळं बघावंच लागतं, कारण ओरोरूच्या आसपास गव्हाचं रान संपतं आणि राखाडी सॉल्टबुशची झुडपं सुरू होतात. पाऊस कुठे साथ सोडतो ते इथे डोळ्यांनी दिसतं.

हे सगळ्यात आधी कागदावर मांडलं जॉर्ज गॉयडर यानं. तो दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सर्व्हेअर-जनरल, म्हणजे जमीन मोजणीचा प्रमुख अधिकारी. १८६५ च्या दुष्काळात घोड्यावरून फिरत, कुठे कोणती झुडपं उगवतात ते पाहत त्यानं एक रेषा आखली: दक्षिणेला पेरा, उत्तरेला फक्त मेंढ्या चारा. पुढे पाऊसमान सुधारलं, जमीन मागणाऱ्यांचा रेटा वाढला आणि १८७४ मध्ये सरकारनं बंधन सैल केलं. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असं तेव्हा लोक छातीठोकपणे सांगायचे. गावं आखली गेली, १८८० ला रेल्वे हॉकरपर्यंत पोचली. आणि त्याच सुमारास पाऊस रुसला.

क्रॅडॉक ते हॉकर या टापूत, जमीन सोडून गेलेल्या त्या लोकांची घरं अजून उभी आहेत. मी एका घरापाशी थांबलो. छप्पर नाही, चौकटी नाहीत, पण दगडी धुराडं ताठ आहे. आत चुलीची जागा काळी पडलेली, तिच्या तोंडाशी सॉल्टबुश उगवलेलं. भिंतीचे दगड किती नेटके बसवलेत! कायमचं राहायला आलेल्या माणसाचं हे काम आहे. सरकारनं जमीन दिली, रेल्वे दिली, तेव्हा त्यानं विश्वास ठेवला. त्याला वेडा म्हणायची माझी हिंमत नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एकच वाद पेटतो: मराठवाड्यात उसावर बंदी घालावी का? पुण्यातली भावंडं म्हणतात, घालाच. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूर जगवलं, तरी पुन्हा ऊस? हिशोबाला त्यांचं खरं आहे. आमच्याकडे वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, आणि उसाला लागतं दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी. गॉयडरच्या रेषेवरचा पाऊस जेमतेम अडीचशे-तीनशे, म्हणजे आपण किती सुदैवी! पण पिकाची तहान पावसापेक्षा मोठी झाली की सुदैव पुरत नाही.

औसा तालुक्यातले काका मात्र एवढंच विचारतात, "बाळा, उसाला कारखाना येतो. तुरीला कोण येतंय?" त्यांच्या प्रश्नाला पुण्यातून कुणी उत्तर देत नाही. उसाला केंद्र सरकार दर ठरवून देतं आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. पैसे उशिरा येतात, पण येतात. तुरीचा हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी केंद्रावर पोत्यांची रांग लागते.

हॉकरचे शेतकरी निघून जाऊ शकले. काका कुठे जाणार? म्हणून इथली रेषा जशीच्या तशी तिकडे उचलून नेणं मला मान्य नाही. हिवरे बाजार या गावानं ऊस टाळला, पण तो ग्रामसभेत, पाण्याचा ताळेबंद मांडून. वरून फतवा निघाला नव्हता.

माझी मागणी क्रमाची आहे. आमच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात नवा साखर कारखाना किंवा असलेल्याची गाळप क्षमता वाढवायला परवानगी आजच थांबवा. पुढच्या हंगामापासून तूर, हरभरा आणि ज्वारी यांचं प्रत्येक पोतं हमीभावानं उचला, तेही उसासारखं बांधावर येऊन. हे चार-पाच हंगाम नेमानं झालं की उसाचं क्षेत्र किती घ्यायचं हे गावागावानं आपल्या विहिरीची पातळी मोजून ठरवावं. तोपर्यंत काकांना कुणी दोषी धरू नये.