साउथ डकोटाचा दुसरा मतदारसंघ गेला कुठे?

"लोकसंख्या घटली म्हणून जागा गेली." अमेरिकेतल्या ग्रामीण मतदारसंघांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास फेकलं जातं. साउथ डकोटाचे आकडे समोर ठेवा आणि मग बोला. १९३० च्या जनगणनेत या राज्यात ६,९२,८४९ माणसं होती, आणि वाट्याला दोन खासदार आले. १९८० ला ६,९०,७६८ माणसं, खासदार एक. पन्नास वर्षांत फरक पडला २,०८१ माणसांचा! मधे १९४० ला लोकसंख्या पार ६,४२,९६१ वर घसरली होती, तेव्हा मात्र दोन्ही जागा शाबूत राहिल्या.

राज्य आटलं नाही, बाकीचा देश फुगला. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, जागा १९१३ पासून ४३५ (अलास्का-हवाई आले तेव्हाचा थोडा काळ सोडला तर). १९३० ला एका जागेमागे सरासरी २ लाख ८० हजार माणसं होती, १९८० ला ती ५ लाख २० हजारांच्या घरात गेली. भाजक जवळजवळ दुप्पट झाला, एवढंच.

वाटप कसं होतं तेही पाहा. आधी पन्नास राज्यांना प्रत्येकी एक जागा. उरलेल्या ३८५ साठी राज्यांची रांग लागते. दुसऱ्या जागेसाठी राज्याची लोकसंख्या भागिले १.४१४, तिसरीसाठी भागिले २.४४९, असं पुढे. आलेले आकडे मोठ्यापासून लहानाकडे लावायचे आणि ३८५ वा आला की थांबायचं. १९८० ला साउथ डकोटाचा दुसऱ्या जागेचा आकडा सुमारे ४ लाख ८८ हजार निघाला आणि रेषेखाली राहिला. शेजारच्या मोंटानाचा ५ लाख ५६ हजार, त्यांची जागा वाचली. पण दहा वर्षांनी मोंटानाची लोकसंख्या वाढून ७,९९,०६५ झाली आणि तरी जागा गेली. ते कोर्टात गेले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की अमेरिकी संसदेने निवडलेली ही पद्धत घटनेत बसते. मोंटानाला ती जागा परत मिळाली २०२० च्या जनगणनेनंतर. साउथ डकोटाला अजून नाही.

आता खुद्द मतदारसंघाबद्दल. मिसूरी नदी राज्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण वाहते. पूर्वेला मका आणि नांगरटीची शेती, पश्चिमेला गवत, गुरं आणि पाऊस कमी. घड्याळसुद्धा पश्चिमेला एक तास मागे. या पश्चिमेला तिथले लोक 'वेस्ट रिव्हर' म्हणतात, आणि गेलेला दुसरा मतदारसंघ मुळात याच भागाचा. रोझबड रिझर्व्हेशनची (मूळनिवासी जमातीसाठी राखलेल्या प्रदेशाची) जमीन १९०४ मध्ये सोडत काढून वाटली, १९०७ च्या सुमारास रेल्वे नदीपलीकडे गेली. राज्याची लोकसंख्या १९०० ला ४,०१,५७० होती, ती १९१० ला ५,८३,८८८ झाली, आणि तिसरी जागा मिळाली.

इथेच जुन्या याद्या वाचणारे फसतात. १९१३ ते १९३३ पश्चिमेचा मतदारसंघ 'तिसरा' होता. राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या माउंट रशमोरसाठी प्रतिनिधिगृहात खटपट करणारे विल्यम विल्यमसन या तिसऱ्याचेच. १९३३ ला तीनाचे दोन झाले आणि पश्चिम भाग 'दुसरा' झाला. त्यामुळे 'दुसऱ्या'च्या यादीत १९३३ आधी दिसणारे रॉयल जॉन्सन हे वेस्ट रिव्हरचे खासदार नव्हेत. क्रमांक तोच राहिला, जमीन बदलली. नकाशा उघडल्याशिवाय यादीवर विसंबू नये.

या भागावर नुसता अन्यायच झाला, हेही मला पटत नाही. १९६० ला पहिल्या मतदारसंघात ४,९७,६६९ माणसं होती, दुसऱ्यात १,८२,८४५. म्हणजे पश्चिमेचं एक मत पूर्वेच्या पावणेतीन मतांच्या तोडीचं. फेब्रुवारी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाच्या खटल्यात मतदारसंघ शक्य तितके समान हवेत असं ठरवलं, आणि मग दुसऱ्या मतदारसंघाला नदी ओलांडून पूर्वेचा मुलूख घ्यावा लागला. निव्वळ 'वेस्ट रिव्हर' असा मतदारसंघ खरं तर तेव्हाच संपला. १९८२ ला उरलेलं नाव पुसलं गेलं.

आणि त्या जास्तीच्या वजनाचा उपयोग कुणाला झाला? पाइन रिज, रोझबड, शायेन रिव्हर ही लाकोटा या मूळनिवासी लोकांची रिझर्व्हेशन्स याच भागातली. १९४४ च्या कायद्यातून मिसूरीवर धरणं झाली, ओआहे धरणात एकट्या शायेन रिव्हरची १ लाख एकरांहून जास्त जमीन गेली. १९५१ ते १९७१ सलग वीस वर्षं खासदार राहिलेले ई. वाय. बेरी इंडियन, म्हणजे मूळनिवासी जमातींच्या, व्यवहारांच्या उपसमितीत होते, पण जमातींचा खास दर्जा संपवण्याच्या धोरणाच्या बाजूने. त्यांच्यानंतर आलेले जेम्स अबूरेझ्क रोझबडवरच जन्मलेले, त्यांचा कल अगदी उलटा. त्यांच्यामागून जेम्स ॲब्डनर. गंमत म्हणजे गुराख्यांच्या या मुलखाने लागोपाठ दोन खासदार निवडले ते लेबनॉनहून आलेल्या कुटुंबांतले, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन.

आपल्याकडे हा विषय २००८ च्या पुनर्रचनेशी जोडला जातो, पण तुलना जपून करावी. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ तेव्हा नकाशावरून गेला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला, पण महाराष्ट्राचे ४८ हे ४८च राहिले, कारण राज्यांचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेला आहे. महाराष्ट्रात सीमा हलल्या. साउथ डकोटात खासदारच कमी झाला. पुढच्या फेररचनेवर भांडताना वाटा आणि सीमा ही दोन भांडणं वेगळी ठेवली नाहीत तर नुसती धूळ उडेल.

१९८२ ला दोन विद्यमान खासदार एकाच जागेसाठी समोरासमोर आले. पहिल्याचे टॉम डॅशल, जे १९७८ मध्ये अवघ्या १३९ मतांनी निवडून आले होते, आणि दुसऱ्याचे रँचर क्लिंट रॉबर्ट्स. डॅशल ५१ टक्क्यांच्या थोडं वर मतं घेऊन जिंकले. १९८६ ला ते सिनेटवर गेले, तेही तोवर सिनेटर झालेल्या ॲब्डनर यांना हरवून. दुसऱ्या मतदारसंघाचे शेवटचे दोन्ही खासदार चार वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने घरी बसवले.