‘कोर्टाने गांज्याला प्रसाद मानलं’: अहो, निकाल पुरता वाचा

बारावीतल्या भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवलं. ‘अमेरिकेच्या कोर्टाने गांज्याला प्रसाद मानलं! रास्ताफारी चर्चचा विजय!’ खाली चार मुद्दे आणि त्याचा प्रश्न: ‘मामा, मग आपल्याकडेच एवढा बाऊ का?’ झोप उडाली ती उडालीच.

हे चर्च म्हणजे इथिओपियन झायन कॉप्टिक चर्च, रास्ताफारी या जमैकातल्या धार्मिक चळवळीशी जोडलेलं. मूळ जमैकातलं, १९७०च्या दशकात फ्लोरिडातल्या मायामी बीचच्या स्टार आयलंडवर बंगला घेऊन बसलेलं. हा खरा धर्म आहे आणि गांजा त्याच्या उपासनेचा भाग आहे, असं फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटलं. हो बाबा, म्हटलं. धर्म शतकानुशतकं जुना आहे, असंही म्हटलं. रास्ताफारी चळवळ मुळात १९३०च्या दशकातली, पण ते असो. त्याच निकालाने त्या बंगल्यात गांजा ओढण्यावरची बंदी मात्र कायम ठेवली. म्हणजे चर्च हरलं!

बंदी का, ते ऐका. फॉरवर्डचा तिसरा मुद्दा म्हणतो, ‘तिथे लहान मुलंही ओढायची, काही बिघडलं नाही.’ कोर्टाने नेमकं हेच चर्चच्या विरोधात धरलं होतं. प्रार्थनेपुरता नव्हे, दिवसभर ओढतात. मुलांच्याही हाती पडतो. कुणाचा धरबंध नाही. ज्या कारणासाठी न्यायाधीशांनी नकार दिला, तेच इथे कौतुकाने मिरवलंय. काही बिघडलं नाही, हे तपासलं कुणी? शाळकरी पोरांच्या फोनवर असलं काही सोडताना लाज कशी वाटत नाही?

फॉरवर्डचा आणखी एक मुद्दा: ‘चर्चचा गांज्याच्या धंद्याशी संबंध नव्हता.’ १९८० मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात सुमारे २० टन गांजा पकडला गेला. आरोपींनी याच चर्चचं नाव पुढे करून धर्माचा बचाव घेतला, तो अपिलातही टिकला नाही. वीस टन प्रसाद कुठल्या जत्रेला लागतो? पुढे चर्चच्या एका पुरोहिताने धार्मिक सवलत मागितली. तीही १९८९ मध्ये नाकारली गेली, आणि तो निकाल लिहिला रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या.

आणि हा मुद्दा: ‘गांजा जमैकाने जगाला दिला.’ अरे, शब्दच आपल्याकडचा! १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर तो तिकडे पोचला.

जमैकात २०१५ पासून रास्ताफारींना धार्मिक वापराची मुभा आहे, हे मात्र खरं. ती कायदा बदलून मिळाली, आणि फॉरवर्डमध्ये तिचा पत्ताच नाही. आपल्याकडच्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांज्याला धर्माच्या नावाने सूट नाही.

भाच्याला हे सगळं रात्रीच पाठवलं. निळी टिक आलीय, उत्तर नाही.