‘इंजिनिअरला हात काळे करायची गरज नाही’ म्हणे!

अ‍ॅडमिशनचा मोसम आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘वर्कशॉप, प्रॅक्टिकल हा आयटीआयचा विषय. इंजिनिअरने थिअरी पक्की करावी, बाकी सगळं आता सॉफ्टवेअर करतं. विश्वेश्वरय्यांनी कुठे लेथ मशिन चालवलं होतं?’

आधी विश्वेश्वरय्यांचंच बघू. पुण्यात शिकून ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले आणि नाशिक-खानदेशात साइटवर राबले. खडकवासला धरणाचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३चे. मधली जवळजवळ वीस वर्षं काही पुस्तकात डोकं खुपसून गेली नव्हती. त्यांचं कॉलेज, म्हणजे आजचं सीओईपी, १८५४ साली सुरू झालं त्या वेळी त्याच्या नावातच ‘मेकॅनिकल स्कूल’ होतं.

‘सॉफ्टवेअर करतं’ म्हणणाऱ्याने एखाद्या फ्रेशरचं ड्रॉइंग घेऊन भोसरीतल्या मशिन शॉपमध्ये जावं. पॉकेटचे, म्हणजे धातूत कोरायच्या खळग्याचे, आतले कोपरे अगदी काटकोनात, स्क्रीनवर झकास! पण एंडमिल हे गोल फिरणारं टूल, ते कोपऱ्यात गोलाई सोडणारच. शॉपवाला शांतपणे म्हणतो, ‘साहेब, रेडियस टाकून आणा.’

दुसरी गंमत मापाची. ५० मिमीचा शाफ्ट, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा एकूण फरक, २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ड्रॉइंगवरची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. लेथवरून नुकताच उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, त्याहून चाळीस अंशांनी गरम असला, तर व्यास २४ मायक्रॉनने फुगलेला असतो. मायक्रोमीटर ‘मधोमध बसलंय’ सांगतो, आणि गार झाल्यावर जॉब अंडरसाइज, थेट भंगारात. स्टील मीटरमागे दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, हे पोरांना पाठ असतं. ‘अरे, गार होऊ दे, मग मोज’ हे मात्र ऑपरेटर सांगतो.

अर्थात चाळीस अंशांना नेमके किती मायक्रॉन, हा हिशेब पुस्तकातूनच येतो. त्यामुळे ‘डिग्री फाडा, गॅरेजात जा’ हा उलटा मेसेजही तितकाच फालतू.

‘आयटीआयचा विषय’ यात इंजिनिअरिंग काहीच नाही. हाताने काम करणाऱ्याला खालचा समजायची आपली जुनी खोड आहे, बस.

एक तक्रार मात्र रास्त. बऱ्याच ठिकाणी प्रॅक्टिकल म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेलं जर्नल आणि सिनियरकडून ‘मॅनेज’ केलेला फिटिंगचा जॉब. ते खरंच वेळेचं मातेरं. म्हणून प्रवेशाआधी प्लेसमेंटचा आकडा विचारता, तसं हेही विचारा: वर्कशॉप संध्याकाळी उघडं असतं का, आणि पोरांना मशिनला हात लावू देतात, की इन्स्ट्रक्टर एकटा चालवतो आणि अख्खी बॅच बघत उभी राहते?