525 पट मोठं दाखवणारी दुर्बीण आणि चाळीस लेकरं

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला, त्यातला एक आमच्याच केंद्रातून. मजकूर थोडक्यात असा: दुर्बिणीशिवाय खगोलशास्त्र शिकवणं म्हणजे विहिरीवाचून पोहायला शिकवणं. प्रत्येक शाळेने लोकवर्गणी करून 525 पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यावी. द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेऊ नये, ती पक्षी बघायची वस्तू. दुर्बीण आली की लेकरांना पुस्तकातल्यासारखे रंगीत तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, दिसतील. सोबत सूर्याचा फिल्टर येतो, म्हणजे शाळेच्या वेळेतही वापर होतो.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर विज्ञान शिकवतो आणि नेमकी हीच दुर्बीण आमच्या कपाटात सहा वर्षांपासून आहे. वर्गणी मागायला दारोदार मीच फिरलो होतो.

आधी त्या 525 चा हिशोब. आकडा खोटा नाही, गोम तिथंच आहे. दुर्बिणीचं तोंड 76 मिलिमीटरचं, आतल्या आरशाचं नाभीय अंतर 700 मिलिमीटर. या 700 ला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की पट निघते. 20 मिलिमीटरचा आयपीस लावला तर 35 पट, 4 चा लावला तर 175. पेटीत तिप्पट करणारं बार्लो भिंगही असतं. ते मधे घातलं की 175 त्रिक 525. झालं, खोक्यावर ठळक छापून मोकळे. पण उजेड आत येतो तो 76 मिलिमीटरच्या तोंडातूनच, त्यात बार्लोने थेंबाची भर पडत नाही. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवतात, तसला हा प्रकार. हवा अगदी चांगली असली तरी तोंडाच्या दर मिलिमीटरला दोन पट, ही कामाची कमाल मर्यादा धरतात. म्हणजे या दुर्बिणीला 150 च्या आसपास. त्यापुढे ग्रह मोठा होतो, पण नवं काही दिसत नाही. अंधूक आणि फिसकटलेला तेवढा होतो.

हे झालं प्रकाशाचं. वर्गाची अडचण याहून मोठी आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं. 525 पटीला त्या स्वस्त आयपीसमधून दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम अंशाच्या तेराव्या भागाएवढा असतो. ग्रह एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर जायला वीस सेकंदही लागत नाहीत. आता रांगेत चाळीस लेकरं उभी करा. एक लेकरू डोळा लावतं, ट्रायपॉडला गुडघा लागतो, ॲल्युमिनियमचे ते पाय डुगडुगतात आणि गुरू गेला. मी पुन्हा फाइंडरमधून, म्हणजे नेम धरायला वर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून, शोधायचा, पुढच्याला बोलवायचं, पुन्हा गेला. पहिल्या रात्री दीड तासात नऊ जणांचं झालं. पाचवीतली एक पोरगी बराच वेळ डोळा लावून उभी होती. मला वाटलं, हिला दिसला. विचारलं तर म्हणाली, "सर, माझी पापणीच दिसायली." तिचं बरोबर होतं. एवढ्या पटीला आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका मिलिमीटरच्या सातव्या भागाइतकी बारीक होते, मग आपली पापणी आणि डोळ्यातलीच कुसळं दिसतात.

आता आम्ही 20 चा आयपीस लावतो आणि काढतच नाही. 35 पटीला ग्रह चार-साडेचार मिनिटं आत राहतो, तेवढ्यात दहा-बारा जण बघून होतात. अख्खा चंद्र मावतो. गुरूचे चार चंद्र ओळीत दिसतात, शनीचं कडं बारीक पण वेगळं दिसतं. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र हेरले ते वीसेक पटीच्या दुर्बिणीतून, हे खोक्यावर कोणी छापत नाही. बार्लो भिंग सध्या कपाटात पडून आहे.

द्विनेत्री पक्षी बघायला असते हे खरंच आहे. दिवसा पक्षीही बघा की! 10×50 ची घ्या, म्हणजे 10 पट आणि 50 मिलिमीटरची भिंगं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे उजेड पन्नासेक पट जास्त. कंपाउंडच्या भिंतीवर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर टेकवली की हात थरथरायचा प्रश्न मिटतो. नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांमध्ये सहा-सात तारे दिसतात, द्विनेत्रीत डझनावारी. चंद्रावरची मोठी विवरं दिसतात, देवयानी दीर्घिकेचा पुसट ढग दिसतो, आणि भिंतीवर नीट टेकवली तर गुरूचे चंद्रही. चित्र सुलटं दिसतं. आमच्या दुर्बिणीत ते उलटं, त्यामुळे अर्धा वेळ "डावीकडं म्हणजे कुठल्या डावीकडं" यातच जातो. वर्गणी भरपूर जमली असेल तर दुसरी पायरी 150 मिलिमीटर तोंडाची, लाकडी खोक्यावर फिरणारी डॉब्सोनियन दुर्बीण. 76 वालीच्या जवळजवळ चौपट उजेड, आणि डुगडुगायला पाय नाहीत.

आणि विहिरीवाचून पोहण्याचं काय? या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण विहीर आपल्या डोक्यावरच आहे. पुण्या-मुंबईच्या शाळांना जे आकाश पैसे मोजून बसने जाऊन बघावं लागतं, ते आमच्या वस्तीवर लाइट गेली की फुकट मिळतं.

आमच्याकडच्या लेकरांना मृग पाठ असतो, कारण घरात पेरणीची बोलणी त्याच्यावरच चालतात. मी दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की विचारतो: मृग लागला म्हणता, मग रात्री मृग दाखवा. पोरं दोन-तीन रात्री, ढग नसले तर, शोधतात. सापडत नाही. एकाचे आबा तर माझ्यावर चिडले, म्हणाले मास्तर लेकरांना वेडं करतो. उत्तर असं की मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला. तो भाग दिवसा सूर्यासोबत वर असतो, रात्री कुठून दिसणार? डिसेंबरात बघा, दिवस मावळल्यावर पूर्वेला बाणासकट मृग वर येतो आणि मागून व्याध. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा याहून घरचा पुरावा मला तरी माहीत नाही, आणि त्याला भिंग लागत नाही.

दुसरी गोष्ट काठीची. मैदानात उभी काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सगळ्यात आखूड सावली बाराला पडेल असं सगळे म्हणतात. पडत नाही. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, आमचं गाव पावणेशहात्तरच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरा, सत्तावीस मिनिटांचा फरक. ऋतूप्रमाणे त्यात आणखी दहा-पंधरा मिनिटं मागे-पुढे. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो, मात्र आपल्याला दगा देतो. मराठवाड्यात तो मेच्या मध्याला येतो तेव्हा सुट्टी, आणि जुलैच्या शेवटी परत येतो तेव्हा आभाळ.

तिसरी ज्वारीची. एका सेंटिमीटरला दहा हजार किलोमीटर धरायचे. पृथ्वी म्हणजे टपोरा काबुली हरभरा, चंद्र म्हणजे ज्वारीचा दाणा, दोघांत 38 सेंटिमीटर. सूर्य 1 मीटर 40 सेंटिमीटरचा, तो भिंतीवर चुन्याने काढतो आणि हरभरा घेऊन 150 मीटर चालत जातो, म्हणजे आमच्या शाळेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा या मापाने कुठे? सुमारे 40,000 किलोमीटरवर, म्हणजे खऱ्या पृथ्वीला एक वेढा घालून परत शाळेत. हे ऐकून वर्ग गप्प होतो, आणि माझा वर्ग सहसा गप्प होत नाही.

बाकी, औंढा नागनाथला लायगोची प्रयोगशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या त्या यंत्राला डोळा लावायला आयपीस नसणार. त्यांनाही विहिरीवाचून पोहणारे म्हणायचं का?

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. आकाश निवळतं ते ऑक्टोबरनंतर, आणि नेमकी तेव्हाच आमची निम्मी लेकरं आईबापांसोबत ऊसतोडीला जातात. हंगामी वसतिगृहात राहतात ती मात्र रात्री गावातच असतात, त्यामुळे आमचा सगळा कार्यक्रम आता त्यांच्यासोबत चालतो. तो कोजागिरीला ठेवू नका. पौर्णिमेचा चंद्र सपाट ताटलीसारखा दिसतो, विवरांना सावली नसते आणि उजेडात बाकीचे तारे बुडतात. शुद्ध सप्तमी-अष्टमी बघा. दूध कोजागिरीलाच प्या.

रंगीत तेजोमेघाबद्दल एकच. ते रंग कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड साठवून आणलेले असतात. अंधूक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. मृगातला तेजोमेघ राखाडी धुक्याचा ठिपकाच दिसणार, आणि तोही वीस मिनिटं अंधारात थांबल्यावर. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा. राखाडीच दिसणार हे आधी सांगितलं तर लेकरं हिरमुसत नाहीत.

राहिला सूर्याचा फिल्टर. इथे मात्र हात जोडून सांगतो. पेटीत आयपीसला लावायची जी काळी काच येते, ती दुर्बिणीने गोळा केलेल्या उन्हाच्या झोतातच बसते. तापून तडकली तर समोर लेकराचा डोळा असतो. सूर्यासाठी फिल्टर लावायचाच तर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण तोंड झाकणारा आणि त्याच कामासाठी बनवलेला. नाहीतर खिशातल्या आरशावर कागद चिकटवा, कागदाला पाच मिलिमीटरचं भोक ठेवा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गातल्या दहा मीटर लांबच्या भिंतीवर पाडा. नऊ सेंटिमीटरचा सूर्य मिळतो, चाळीस जण एकदम बघतात. फक्त तो कवडसा कोणाच्या तोंडावर मारू द्यायचा नाही.

आमच्या पेटीतली काच मी हातोडीने फोडली. डेड स्टॉक रजिस्टरला तिची नोंद अजून तशीच आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावात कारण काय लिहायचं, ते मुख्याध्यापकांना अजून सुचलेलं नाही.