वळ दिसला तर गुलाल नको

सप्टेंबरात जर्मनीतल्या बाड हिंडेलांगहून घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला : डोक्यावर फुलापानांचा उंच मुकुट घातलेली कालवड. खेडहून भावाने लगेच बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या बारीचा, म्हणजे एका गाड्याच्या धावेचा, व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या शर्यतीला नावं ठेवतात, मग तुमची ही जत्रा कशी चालते?’

प्रश्न रास्त आहे. दक्षिण जर्मनीतल्या या आल्गॉय भागात कालवडी उन्हाळ्याचे साधारण शंभर दिवस डोंगरातल्या कुरणांवर असतात. सप्टेंबरात गळ्यात मोठाल्या घंटा बांधून त्यांना वाजतगाजत खाली आणतात. मुकुट कळपातल्या एकीलाच. त्यात आरसा बसवलेला असतो, बाहेरची बाधा परतवायला. आपल्या बाशिंगाशेजारी शोभेल असाच. पण त्या उन्हाळ्यात एखादं जनावर डोंगरावर दगावलं, तर मुकुट नाही. कळप तसाच गावात येतो. सजवायचं की नाही, हे जनावरांच्या हालहवालावर ठरतं.

म्हणून इथलं सगळं चांगलं असं नाही. याच भागात गळ्याला साखळी लावून गोठ्यात बांधून ठेवलेल्या गाई मी पाहिल्यात. प्राण्यांचं संरक्षण २००२ मध्ये जर्मनीच्या राज्यघटनेत आलं, तरी साखळीचा वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली, २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कायदा उचलून धरला. मी शर्यतीच्या बाजूचा आहे. बंदीच्या काळात खिल्लार खोंडाला गिऱ्हाईक मिळेना, हे चुलत्यांच्या दावणीला पाहिलंय. पण दहा वर्षांचा असताना त्याच दावणीला मी सर्जा बैलाच्या शेपटीत हळदही भरलीय. शर्यतीत पिरगाळून पिरगाळून ती सोलवटली होती. चुलते गुलालाने माखलेले. रात्री ते त्याच्याजवळ बसून राहिले, बोलले काहीच नाहीत.

छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असं कायद्यात आहे. पण घाटाच्या गर्दीत पोलीस किती बघणार? यात्रा कमिटी बघू शकते. बारी संपली की जोडी थांबवा, शेपटी उचलून बघा, पुठ्ठ्यावरून हात फिरवा. वळ किंवा पिराणी (अणकुचीदार काठी) टोचल्याची खूण दिसली, तर सेकंद कितीही कमी लागलेले असोत, त्या गाड्याला गुलाल नाही आणि बक्षीसही नाही.

चैत्रातल्या यात्रेआधी कमिटीची बैठक बसते. भावाला म्हटलंय, हा विषय तू मांड. चुलते हो म्हणतील, असं मला वाटतं.