तिळगुळाच्या वड्या उकळत्या दुधात नकोत
संक्रांतीच्या उरलेल्या तिळगुळाच्या वड्या उकळत्या दुधात विरघळवून खीर करा, असं एका लेखात म्हटलंय. कृपया कुणी करू नका! गुळानं उकळतं दूध फाटतं. गेल्या वर्षी माझं लिटरभर दूध असंच वाया गेलं. दूध उतरवून कोमट झाल्यावरच गूळ घालायचा, हे सासूबाईंनी नंतर सांगितलं. आपले साताऱ्याचे कंदी पेढे मात्र गरम दुधात खुशाल कुस्करा, त्यात खवा आणि साखरच असते.

आमच्याकडे उरलेल्या वड्या खलबत्त्यात कुटून त्यात तेलावर खमंग भाजलेलं बेसन आणि जायफळ मिसळतात, की झालं गुळपोळीचं सारण. फक्त कूट अगदी बारीक हवं, खडा राहिला तर लाटताना पोळी फुटते. डब्यात पडून असलेल्या वड्या अशा दोन दिवसांत संपतात.