प्रत्येक थरथर म्हणजे गाडीचा स्वभाव नव्हे
एका लेखात म्हटलंय की स्पोर्ट्स कारचं इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, थरथरणारच, काळजी नको. हे अर्धंच खरं आहे. इनटेक (हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणारे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) असले की कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, जळालेला वायू सिलिंडरमध्ये मागे राहतो आणि इंजिन डुलतं. त्यात इंजिन ज्यावर बसवतात ते माउंटिंग कडक, म्हणून सीटपर्यंत जाणवतं. पण त्या डुलण्याला लय असते! माझ्या नव्या गाडीत ती नव्हती. सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा ७५० वरून एकदम ५५० वर यायचा, स्टिअरिंगला हिसका बसायचा, मग सावरायचं. सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा ऐकलं, 'या गाड्या अशाच असतात.' शेवटी हट्टाने स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचे मिसफायर (इंधन नीट न पेटण्याचे प्रसंग) मोजायला लावले. सगळे एकाच सिलिंडरवर! त्याची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलली आणि त्रास थांबला.

थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ खडबडलं तर ठीक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) लवकर तापावा म्हणून ते मुद्दाम तसं चालवलेलं असतं. गरम झाल्यावरही अडखळलं तर मात्र ऐकून घेऊ नका, तपासायला लावा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी अजिबात दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो कायमचा निकामी होऊ शकतो.